कोणाच्या छपरावरून

कमलअक्का गेल्याची बातमी मला त्याच्याकडून कळली, हे आधीच लिहून टाकते… म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. रविवारची सकाळ होती. आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत मी एकटीच मुद्रितं तपासत बसले होते. फोन वाजला आणि पलीकडून, उत्तरेतल्या कुठल्याशा लष्करी तळावरून, तो म्हणाला, "अक्का गेल्या." मी विचारलं, "कोण अक्का?" माहीत असूनही विचारलं. त्याच्या तोंडी ते नाव आलं की मला नेहमी तसंच विचारावंसं वाटायचं. "आपल्या अक्का," तो म्हणाला. सकाळी कोंबड्यांना दाणा घालताना शेडच्या दारात बसल्या आणि उठल्याच नाहीत. मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?" त्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "मंजण्णानं. मी दर रविवारी बूथवर फोन करतो ना त्यांना. आज केला, तर तो म्हणाला, अक्का इल्ला सार."

दर रविवारी. मारतहळ्ळीला जाणाऱ्या बसमध्ये मी अक्काचा विचार करायला हवा होता. मी या दोन शब्दांचा विचार करत होते. मीही दर रविवारीच अक्काकडे जायचे, दुपारी. म्हणजे सकाळी ती मंजण्णाच्या एसटीडी बूथमध्ये बसून त्याच्याशी बोलायची, घरी येऊन सारू-भात शिजवायची, मला वाढायची आणि त्या फोनबद्दल चकार शब्द काढायची नाही. हजारभर मैलांवरच्या माणसाला तिच्या मरणाची बातमी आधी लागली आणि एका बसच्या अंतरावर राहणाऱ्या मला ती त्यानं कळवली… रडू आलं ते कशाचं आलं हे मला त्या बसमध्येही ठरवता आलं नाही आणि आज काही आठवड्यांनी हे लिहितानाही येत नाही.

कमलअक्का माझी नात्यानं कुणी नव्हती. तिचा नवरा आणि माझे बाबा इथल्या विमान कारखान्यात एकाच खात्यात होते. तो अपघातात गेला तेव्हा अक्कानं शहरातलं घर सोडलं आणि मारतहळ्ळीच्या पलीकडे, तळ्याच्या काठी, सासऱ्यांच्या नाचणीच्या तुकड्यावर कोंबड्यांच्या दोन लांबलचक शेड बांधल्या. मारतहळ्ळी तेव्हा अगदीच खेडं होतं. रिंगरोड नुसता आखलेला, आणि त्या आखणीवर गुरं बसायची. अक्काचे पूर्वज बंगळुरात कधी आले हे तिलाही माहीत नव्हतं. महाराष्ट्र तिनं पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. पण घरात मराठीच, आणि ती मराठी तुम्ही ऐकायला हवी होती. "स्वल्प थांब बा, चूल पेटवते, मग भांड," असं ती म्हणायची. एखादी गोष्ट पटली नाही की "सरी, सरी" म्हणायची, आणि तिच्या 'सरी'चा अर्थ आता विषय बंद, असा असायचा. मला ती 'मरी' म्हणायची. कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू. तिच्याकडे एका वेळी शेकड्यांनी पिल्लं असायची, पण नावानं हाक मारलेलं पिल्लू मी एकटीच होते, आणि ते तसंच राहावं यापलीकडे मला त्या घरातून काही नको होतं.

आमचं घर पत्रकांचं. बाबा युनियनचे. 'आमच्या मागण्या' या शब्दांवर बोट ठेवून मी अक्षरं शिकले. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास आमच्या भातालाही यायचा, असं आई म्हणायची. रविवारी घरात बैठक असायची, सगळे एकाच वेळी बोलायचे, आणि आईनं मला अक्काकडे पाठवून द्यायला सुरुवात केली ती त्या गोंगाटातून एक माणूस तरी कमी व्हावं म्हणून. मी पिशवीत पत्रकं घेऊन जायचे, कारण मला दुसरं काही वाचायची सवयच नव्हती. अक्कानं त्याचा लगेच उपयोग करून घेतला. नवी पिल्लं आली की त्यांना पहिल्या आठवड्यांत माणसाच्या आवाजाची सवय लावावी लागते, नाहीतर पुढे ती टाचणी पडली तरी बिथरतात. एरवी शेडमध्ये रेडिओ चालू असायचा, पण वीज गेली की तो बंद पडायचा. "वाच गं मरी तुझं ते. मोठ्यानं वाच," अक्का म्हणायची. म्हणून माझी पहिली सभा तुसावर बसलेल्या पिल्लांसमोर झाली. बोनस, कॅन्टीन, कंत्राटी कामगार, सगळं मी त्यांना ठासून सांगितलं. ती शांतपणे ऐकायची आणि झोपायची. "तुझ्या बापाच्या सभेत पण असंच होतं काय?" अक्का विचारायची, आणि स्वतःच हसत सुटायची.

शेडमध्ये शिरण्याचा एक नियम होता. कोंबडी माणसाला चेहऱ्यापेक्षा कपड्यावरून ओळखते, आणि नवा रंग दिसला की घाबरते. अक्का शेडमध्ये वर्षानुवर्षं एकाच निळ्या रंगाची सुती लुगडी नेसायची, इतकी धुतलेली की निळा रंग नुसता नावाला उरलेला. दाराशी भिंतीत दोन खिळे होते. एकावर तिचं शेडमधलं लुगडं. दुसऱ्यावर तिच्याच एका जुन्या लुगड्यातून फाडलेला लांब तुकडा, तो माझा. तो डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळल्याशिवाय मला आत प्रवेश नव्हता. गुरांचा डॉक्टर आला, खाद्यवाला आला, तरी त्यांना बाहेर उभं करून ती आतून बोलायची. बाबा एकदा लाल शर्टात आले होते. "तुमची क्रांती बाहेर ठेवून या अण्णा," असं तिनं त्यांना दारातच सांगितलं. दुसरा खिळा फक्त माझा होता. मी बी.ए.ला जाईपर्यंत तो माझाच होता.

विमानं आमच्या आभाळात नवी नव्हती. कारखान्यातली नवी विमानं चाचणीला वर जायची, शहराजवळच्या हवाई तळावरची सरावाला जायची, आणि आम्ही वर पाहायचंही सोडून दिलं होतं. पण मी बी.ए.ला गेले त्या हिवाळ्यात कसलासा मोठा सराव सुरू झाला आणि विमानं खाली आली. खाली म्हणजे किती, हे उंचीच्या आकड्यात मला सांगता येणार नाही. तळ्याकाठची नारळाची झाडं त्यांच्या मागे मान टाकल्यासारखी वाकायची एवढं पाहिलं आहे. आधी सावली जायची. मग विमान. ते गेल्यावर, अगदी गेल्यावर, आवाज अंगावर पडायचा, आणि तो कानांनी ऐकण्याचा आवाजच नव्हता, छातीत बसायचा. रेडिओची सवय, माझ्या पत्रकांची सवय, कशाचा काही उपयोग झाला नाही. अख्खी शेड उठून एका कोपऱ्याकडे धावली. कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात, चढतच राहतात, आणि खालच्या गुदमरून मरतात. त्यांच्या अंगावर जखमेची खूणही नसते. अक्का त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून जिवंत कोंबड्या ओढून काढत होती आणि मेलेल्या बाजूला सारत होती. मी दारात माझं निळं कापड धरून उभी होते. एका आठवड्यात असं पुन्हा झालं. मग पुन्हा. असंच चाललं तर शेड बंद करावी लागेल आणि धाकट्या दिराच्या घरी म्हैसूरला जाऊन त्याच्या बायकोच्या हाताखाली राहावं लागेल, हे अक्का मला पहिल्यांदाच बोलली, आणि तेही चुलीकडे तोंड करून.

मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं, बाबांचा एकही शब्द न घेता. मथळा होता, 'आकाश कुणाच्या मालकीचे?' बाबांनी ते दोनदा वाचलं आणि यंत्राकडे गेलेच नाहीत. मी म्हटलं, "बोनससाठी छापता, यासाठी का नाही?" ते म्हणाले, "बाळ, ते पंख मी बसवतो." मी म्हटलं, "मग तुम्हीच पहिली सही करा." शेवटी त्यांनी छापून दिलं, सही मात्र केली नाही. ते पत्रक मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत घेऊन मी तळाच्या फाटकावर उभी राहिले. जाणारे जीपमधून ते घ्यायचे, घडी करायचे आणि खिशात घालायचे. कुणी भांडलंसुद्धा नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या पत्रकाचा एकच परिणाम झाला, आणि तो परिणाम पुढच्या रविवारी पांढरा शर्ट घालून स्कूटरवरून आला. तक्रारीत तथ्य आहे का हे पाहायला तळावरच्या सगळ्यांत धाकट्या वैमानिकाला पाठवलं होतं. त्याचं नाव विनय, गाव नागपूर. अक्का मागे विहिरीवर होती. मी घरातून बाहेर येईपर्यंत त्यानं, काही विचारायच्या आत, सभ्य माणसासारखं दार उघडून शेडमध्ये पाऊल टाकलं होतं. पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट. कोंबड्यांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. पुन्हा तोच फडफडाट, पुन्हा तोच कोपरा. तो तिथेच खिळून उभा राहिला, हात अर्धवट वर केलेले, जणू कुणी त्याच्यावर बंदूक रोखली होती.

मी तोंड उघडलं होतं. माझ्याजवळ त्या माणसाला सांगण्यासारखं आठवड्याभराचं साठलेलं होतं. पण अक्का धावत आली, तिनं मला बाजूला केलं, दुसऱ्या खिळ्यावरचं निळं कापड ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून, खांद्यावरून गुंडाळलं. माझं कापड. "हलू नको," ती त्याला म्हणाली, "आता स्वल्प खाली बस. हौदु, तसंच. बोल काहीतरी. हळू बोल." तो म्हणाला, "काय बोलू?" "काही पण. नाव सांग, गाव सांग." आणि तो सहा फुटी माणूस अक्काच्या लुगड्यात तुसावर उकिडवा बसून कोंबड्यांना सांगू लागला की माझं नाव विनय, आमचं घर नागपूरला, आई शाळेत शिकवते… हळूहळू कोंबड्या कोपऱ्यातून सुटल्या. अक्का ढीग उपसत होती. मी दाराबाहेर होते, कारण मला गुंडाळायला आता काही उरलं नव्हतं.

चहा पिताना तो सारखा म्हणत होता, "माझ्यामुळे मेल्या." "वरून पण तुझ्यामुळेच मरतात की," अक्का म्हणाली. रागानं नव्हे, एखाद्याला भात कमी शिजलाय हे सांगावं तशी. "वरून एक, खालून एक. काय रे पायलटप्पा, आमच्याच घरावर का?" तेव्हा तो बोलून गेला. खालून उडताना नकाशा पाहायला वेळ नसतो, लांबून दिसणारी खूण लागते. तळ्याच्या काठी एकमेकांना चिकटून दोन लांब पत्रे, उन्हात चमकणारे… त्यांच्यावर आलं की डावीकडे वळायचं. "मी तुमचं छप्पर केव्हापासून ओळखतो अक्का," तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण हे सांगायला नको होतं. पहिल्याच भेटीत 'अक्का'. मी तिथेच विचारलं, "तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, की पत्र्याखाली कुणीतरी असतं?" तो म्हणाला, "काहून नाही वाटलं… पण जेमतेम वळण्यापुरताच वेळ असतो." अक्का म्हणाली, "ऊटा करून जा," आणि त्याचंही ताट मांडलं.

तो पुन्हा आला. आणि पुन्हा. तक्रारीचा अहवाल त्यानं दिला होता, वरिष्ठांनी ठेवून घेतला होता, विमानं येतच होती. मी मोर्चाची तयारी करत होते. मेलेल्या कोंबड्या टोपल्यांत भरून फाटकासमोर ठेवायच्या, असं माझं ठरलं होतं. अक्का ऐकून घ्यायची आणि 'सरी' म्हणायची. एका रविवारी मी पोचले तर अंगणात नारळाच्या झावळ्यांचे भारे पडलेले, आणि दोघं छपरावर. अक्का पदर खोचून, तो शर्ट काढून, पत्र्यावर झावळ्या अंथरत होते. "उन्हाळ्यात गार पण राहील मरी," ती वरून ओरडली, "आणि चमकणार पण नाही. ये वर." तेव्हा मला कळलं काय चाललंय. माझं डोकं फिरलं.

मी खालून बोलले ते सगळ्या तळ्याला ऐकू गेलं असेल. आपण का झाकायचं? चूक त्यांची, आणि लपायचं आपण? आज छप्पर झाकाल, उद्या पोरं घरात कोंडाल, परवा म्हणाल कोंबड्याच नकोत. विमानानं वर जायचं, आपण खाली वाकायचं नाही. आजही मला यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. अक्का छपराच्या कडेला येऊन बसली. "कोंबडीला प्रिन्सिपल नसतं गं," ती म्हणाली, "तिला कोपरा असतो, तेवढाच." मी म्हटलं, "तुला तर आहे ना?" ती म्हणाली, "मला म्हैसूरला जायचं नाही. तेवढंच आहे." तो मान खाली घालून झावळ्या बांधत राहिला. मी शपथ घेतली होती की शिडीवर पाय ठेवणार नाही, आणि थोड्याच वेळात मी वर होते. मत बदललं नव्हतं. ती दोघं वर आणि मी खाली, हे मला बघवेना.

वर मात्र मी त्याला तो प्रश्न विचारला. "हे छप्पर दिसेनासं झालं की मग कुठे वळणार?" तो म्हणाला, "दुसरी खूण बघतील." "म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी छप्पर." त्यानं पुढची झावळी ओढली. मी पुन्हा विचारलं, "आता कोणाच्या छपरावरून जाणार तुम्ही?" "ते सांगता येत नाही," तो म्हणाला. अक्का आम्हा दोघांकडे पाहत होती. तिच्या हातातली सुतळी तशीच राहिली होती. मग ती म्हणाली, "सरी, ऊन चढतंय." मला वाटलं विषय बंद झाला.

विमानं त्यानंतर आमच्यावरून गेली नाहीत. दूर, दगडखाणींच्या बाजूला आवाज यायचा, आणि अक्काच्या कोंबड्या मान वर करून पुन्हा दाणा टिपायच्या. मोर्चा निघाला नाही. शेड वाचली. मारतहळ्ळीत सगळ्यांना कळलं की अक्कानं लष्कराला चकवलं, आणि ती ते कौतुक करून घ्यायचीही. युनिफॉर्ममधला माणूस स्कूटर लावून तिच्या अंगणात बसतो याचा तिला अभिमान होता, तो तिनं कधी लपवला नाही. अक्का साधी, निरिच्छ वगैरे नव्हती. ती पक्षपाती होती. माशाचा चांगला तुकडा कुणाच्या ताटात जाणार हे तिच्या डोळ्यांत आधी दिसायचं, आणि त्या वर्षभर तो माझ्या ताटात आला नाही. खाणींच्या बाजूला मी दोनदा जाऊन आले. तिथे दगड फोडणाऱ्यांच्या झोपड्या आहेत. त्यावर मी लेख लिहिला, एका इंग्रजी दैनिकानं तो कापून पत्रांच्या रकान्यात घातला. अक्काला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "छान लिहिलंस. भात वाढू?"

आणि त्या काळातली एक दुपार. मी घरात होते, ते दोघं शेडमध्ये. आतून अक्काचा आवाज आला, "मरी, ती बादली इकडे सरकव." मी उठून गेले. दारात पाहते तर तो बादली सरकवत होता. तो शब्द माझ्यासाठी नव्हता… भिंतीवर एव्हाना तिसरा खिळा ठोकलेला होता आणि त्यावर नवा फाडलेला निळा तुकडा. मी त्या रविवारी जेवले नाही. अक्कानं विचारलं, पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं. काही महिन्यांनी त्याची उत्तरेत बदली झाली तेव्हा मी बाबांना पेढे आणायला सांगितलं. बाबांनी कारण विचारलं नाही. मला वाटलं, आता तिसरा खिळा असला काय नि नसला काय, माणूस गेला. पण अक्कानं तिसरा खिळा काढला नाही, आणि त्यावरचं कापड ती धुवत राहिली. मी ते बघायचे आणि बोलायचे नाही. रविवारच्या फोनचं मला माहीतच नव्हतं.

मागच्या आठवड्यात तो आला. रजा मिळायला त्याला आठवडे लागले. अक्काच्या दिरानं जागा विकायला काढली आहे. रिंगरोड येतो म्हटल्यावर तळ्याकाठच्या तुकड्याला गिऱ्हाइकांची रांग आहे. उरलेल्या कोंबड्या विकल्या जाईपर्यंत मीच रोज सकाळी दाणा घालायला जाते. त्यानं दाराशी बूट काढले आणि तिसऱ्या खिळ्यावरचं कापड घेतलं. मी दुसऱ्या. पहिल्यावर तिचं लुगडं तसंच होतं; त्याला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. आत जाऊन आम्ही तुसावर दोन टोकांना बसलो. माझ्या मनात होतं ते मी विचारलं. "दर रविवारी काय बोलायचात?"

तो म्हणाला, "बोलणं फार नसायचं. पहिला प्रश्न ठरलेला. आज कोणाच्या छपरावरून गेलास?" मी त्याच्याकडे पाहिलं. तो सांगत राहिला. गावाचं नाव सांगायचं नाही, तळाचं सांगायचं नाही, हे तिला मान्य होतं. पण छप्पर सांगायचं. पहिल्या दोन-तीन वेळा त्यानं थाप मारली, लक्ष नव्हतं म्हणाला. तर ती म्हणाली, "मग बघ आणि पुढच्या रविवारी सांग. मी काय उगाच बसायला येते काय बूथवर?" तेव्हापासून तो पाहायला लागला. एका धाब्याच्या घरावर लाल काहीतरी पसरलेलं, मिरच्या असाव्यात. एका कौलावर दगड ठेवलेले. एक बाई, दोन्ही हात कानांवर. "दिसतं ते सगळं," तो म्हणाला, "बघायचं ठरवलं की दिसतं. आता मी वळण ठरवायच्या वेळी बोलतो. कधी ऐकतात, पुष्कळदा नाही." मी म्हटलं, "तिला हे कुठून सुचलं?" तो म्हणाला, "त्यांना नाही सुचलं. त्या दर वेळी म्हणायच्या, मी नाही रे विचारत, मरी विचारते. तिला उत्तर द्यायचंय तुला."

शेडमध्ये कोंबड्यांचा तो बारीक, समाधानी आवाज चालू होता. माझा प्रश्न तिनं छपरावरून उचलला होता, आणि इतके दिवस दर रविवारी तो त्याच्यापुढे ठेवला होता, आणि मी दुपारी जेवायला आल्यावर मला सांगितलं नव्हतं. का नाही, याचं उत्तर मला कधी मिळणार नाही. मी ते छापलं असतं, हे तिला ठाऊक असावं… पत्रक काढलं असतं, त्याची नोकरी गेली असती. किंवा तिला आम्ही दोघं वेगवेगळे हवे असू, एक सकाळी, एक दुपारी. कुणी म्हणेल, आता तुझं मन निवलं असेल. नाही निवलं. माझा प्रश्न होता. त्याची उत्तरं मात्र त्या मिरच्यांसकट, त्या कानांवर हात ठेवलेल्या बाईसकट तिनं एकटीनं ऐकली, आणि देणारा तो होता. मी त्या बूथच्या बाहेरही नव्हते.

तो परत गेला. त्यानंतरच्या रविवारी मी शेडमधून दाणा घालून तशीच निघाले आणि मंजण्णाच्या बूथमध्ये जाऊन बसले. काचेच्या त्या खोक्यात एक लोखंडी खुर्ची आहे, तिच्यावर अक्कानं स्वतःच्या सोयीसाठी पोत्याची चौघडी शिवून टाकली होती. मंजण्णानं माझ्याकडे पाहिलं, मी अंगावरचं निळं कापड काढायला विसरले होते. त्यानं नुसता पंखा लावला. फोन तिच्या वेळेवर वाजला. पलीकडे तो होता. फोन मीच उचलणार हे त्यानं धरलं नव्हतं, आणि तरीही त्यानं केला होता. सवय म्हणून असेल. मी म्हटलं, "आज कोणाच्या छपरावरून गेलास?"

तो सांगू लागला. गवतानं शाकारलेलं लांब घर, परसात पिवळी साडी वाळत घातलेली, एक म्हातारा काठी उगारून उभा. त्यानं सगळं नीट सांगितलं, जसं तिला सांगत असेल तसं, आणि शेवटी, तिच्याशी बोलणं संपवताना थांबत असेल तसा, थांबला. अक्का इथे सरी म्हणाली असती. मी पोत्याच्या त्या चौघडीवर नीट सरकून बसले आणि विचारलं, "आणि किती उंचीवरून?"